मागे माणसं उभी करून तीन टनी फोर्कलिफ्ट साडेतीन टनी होत नाही

चाकणच्या तुमच्या शेडमधला प्रसंग वाचला. तीन टनी फोर्कलिफ्ट, 2400 किलोची मशीनची पेटी, ट्रकच्या मागच्या फाळक्यातून उतरवताना मागची चाकं उचलली गेली, काउंटरवेटवर (तोल सांभाळणाऱ्या मागच्या जड लोखंडावर) उभा केलेला हेल्पर खाली पडला आणि पाय मोडला. आता सगळे ऑपरेटरला दोष देतायत. आमच्या शेडलाही हीच चूक सगळ्यात महाग पडली होती, म्हणून सविस्तर लिहितो. हॉर्न, बेल्ट, लायसन्स हे तुम्हाला माहीत आहेच, त्यात जात नाही.

माझ्या मते दोष ऑपरेटरचा नाही, ‘2400 म्हणजे तीन टनाच्या आतच’ असा हिशेब करून हुकूम देणाऱ्याचा आहे. गाडीवरच्या क्षमतेच्या प्लेटवरचे 3000 किलो हे 500 मिमी लोड सेंटरला असतात, म्हणजे फोर्कच्या (पेटीखाली जाणाऱ्या पात्यांच्या) उभ्या पाठीपासून वजनाचा मध्य 500 मिमीवर असेल तरच. तुमची पेटी 1800 मिमी लांब आणि फोर्क लांबीच्या दिशेने घातलेले. मध्य गेला 900 वर. पुढच्या ॲक्सलपासून फोर्कच्या पाठीपर्यंत साधारण 480 मिमी धरा (मॉडेलनुसार बदलतं). 3000 गुणिले 980 (480 अधिक 500), भागिले 1380 (480 अधिक 900), उत्तर येतं सुमारे 2130 किलो. म्हणजे तुम्ही पावणेतीनशे किलो जास्त उचलत होतात. त्यात मशीनचा जड भाग पेटीच्या पुढच्या टोकाला असेल तर आणखी वाईट.

आता मागे उभ्या केलेल्या माणसांचं बघा. एकाऐवजी दोघं धरले तरी मिळून 140 किलो, ॲक्सलपासून दोन मीटर मागे. तेवढ्याने क्षमता वाढते जेमतेम 200 किलो. तरीही 2400 ला पुरत नाही! वर मास्ट (फोर्क वर-खाली नेणारा पुढचा उभा सांगाडा), चेन आणि पुढच्या टायरवर भार वाढतो तो वेगळाच. आणि फोर्कलिफ्टचं स्टिअरिंग मागच्या चाकांवर असतं, ती हलकी झाली की गाडी ऑपरेटरच्या हातात राहत नाही. मागे माणूस उभा करायची पद्धत आजच्या आज बंद करा, यात मी काहीही सवलत देणार नाही.

करायचं काय होतं? ट्रकचा बाजूचा फाळका उघडून पेटी रुंदीच्या बाजूने घ्यायची. रुंदी 1100 असेल तर लोड सेंटर 550, क्षमता सुमारे 2850. मात्र फोर्क पेटीच्या पूर्ण रुंदीखाली जायला हवेत आणि पेटीखालच्या फळ्या तशा हव्यात. कंटेनर असेल आणि बाजू उघडत नसेल तर मोठी फोर्कलिफ्ट किंवा हायड्रा (चाकांवरची छोटी क्रेन) भाड्याने घ्या. फोर्क एक्स्टेंशन (फोर्कवर चढवायचा लांब खोळ) हा यावर उपाय नाही: त्याने आधार लांबतो, क्षमता उलट घटते. वापरायचंच तर मूळ फोर्क एक्स्टेंशनच्या लांबीच्या किमान 60 टक्के हवा. साइड शिफ्टर (फोर्क डावी-उजवीकडे सरकवणारा) किंवा क्लॅम्प (माल बाजूंनी दाबून धरणारा) नंतर बसवला असेल तर जुनी प्लेट कामाची नाही, नवीन आकडे पुरवठादाराकडून लेखी मागा. वरचा माझा हिशेबही अंदाजाचाच, अंतिम शब्द प्लेटचा.

गाडी कलंडायला लागली तर उडी मारू नका, हे ऑपरेटरला घोकून घ्यायला लावा. उडी मारणारा बहुतेक वेळा ऑपरेटरच्या डोक्यावरच्या लोखंडी गार्डखालीच सापडतो. बेल्ट लावलेला, स्टिअरिंग घट्ट, पाय रोवलेले, अंग पडण्याच्या उलट बाजूला.

जाता जाता: फोर्कची टाच (जिथे तो वळून उभा होतो तो भाग) जाडीने 10 टक्के झिजली की फोर्क बाद, म्हणजे 40 मिमीचा 36 वर. चेन 3 टक्के ताणली की बदला. आणि पावसाळ्यात डॉकवरची चेकर्ड प्लेट दर पाळीला पुसायला लावा.

कागदांचं थोडक्यात, मी वकील नाही. हेल्पर कंत्राटी असला तरी ईएसआयसीच्या (कामगार राज्य विम्याच्या) वर्गणीची जबाबदारी मुख्य मालकावर येते. अपघाताचा अहवाल तुमच्याकडून मुदतीत गेलाच पाहिजे. आम्हाला एका कार्यालयाने तीनदा परत पाठवलं, कारण अपघाताची वेळ रजिस्टरमध्ये एक आणि दवाखान्याच्या कागदावर दुसरी. कोणी नीट सांगितलंही नाही, नुसतं ‘त्रुटी’ लिहून कागद परत. जखमी माणूस घरी बिनपगारी बसलेला असताना हे फार जिव्हारी लागतं. दोन्हीकडची वेळ आजच जुळते का पाहा, जुळत नसेल तर खोडाखोड न करता लेखी खुलासा जोडा.

प्लेटचा फोटो, मास्टची उंची आणि पेटीची मापं इथे टाका, आकडा पुन्हा काढून देतो.