कान, बाई आणि कानबाई

प्रश्न : माझ्या सासूबाई शाळेत गेल्या नाहीत. रतिबाच्या दुधाचा हिशेब त्या ओसरीच्या भिंतीवर कोळशाने मांडत. कातर म्हणजे शिंप्याचे घर, छत्री म्हणजे गुरुजींचे, आणि पुढे रोजच्या शेरामागे एक रेघ. माझी मुलगी म्हणते की ही चित्रलिपीच होय आणि मोबाइलवरच्या इमोजीही तशाच. हे बरोबर आहे का?
– एक वाचक भगिनी, शिरपूर

उत्तर : ताई, मुलीचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि ते अर्धे मोलाचे आहे. मेसोपोटेमियातील उरुक येथे इ.स.पूर्व ३३००च्या सुमारास ओल्या मातीच्या पाट्यांवर ज्या नोंदी झाल्या, त्या बहुतेक धान्याच्या, मेंढ्यांच्या आणि बिअरच्या हिशेबाच्या आहेत : वस्तूचे चिन्ह आणि शेजारी आकड्याच्या खुणा. सासूबाईंची रीत हीच.

मात्र हिशेब ओलांडला की चित्र अडते. म्हैस काढता येते. पण ‘म्हैस उद्या विकायची नाही’ यातले ‘उद्या’ आणि ‘नाही’ कसे काढणार? माणसाच्या नावाचीही तीच अडचण. ती सुटली, कारण लिहिणाऱ्यांनी चित्राचा अर्थ बाजूला ठेवून त्याचा केवळ उच्चार उसना घेतला. आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीचेच नाव घ्या. एक कान काढला, त्याच्या शेजारी एक बाई काढली, की पाहणारा ‘कानबाई’ असे वाचतो; तिथे ऐकण्याच्या कानाशी कोणाला कर्तव्य नसते, हवा असतो तो त्या शब्दाचा आवाज. इ.स.पूर्व ३१००च्या सुमारास इजिप्तच्या नारमेर राजाचे नाव अगदी असेच लिहिले गेले : मिशीवाला मासा म्हणजे ‘नार’ आणि छिन्नी म्हणजे ‘मेर’. इजिप्तची ही चिन्हे म्हणजे गूढ अर्थाची चित्रे आहेत असे समजून विद्वान शतकानुशतके चाचपडत राहिले, आणि त्यांतली अनेक चिन्हे ध्वनी दाखवतात हे फ्रेंच अभ्यासक शाम्पोलियोंने १८२२ मध्ये मांडले तेव्हाच ती लिपी वाचता येऊ लागली. चिनी लिपीतही बहुसंख्य चिन्हांचा एक भाग उच्चार सुचवणारा असतो.

म्हणून लिपी कशाला म्हणावे याची माझी कसोटी साधी आहे. ती रीत शिकलेल्या, पण एकमेकांना अनोळखी अशा दोघांनी तीच खूण मोठ्याने वाचली, तर दोघांच्या तोंडून तोच शब्द यायला हवा. हसऱ्या चेहऱ्याची इमोजी कोणी ‘आनंद झाला’ अशी वाचील, कोणी ‘बरं’ अशी, तर कोणी ‘थट्टा केली’ अशी. ती अक्षरांच्या सोबतीने भाव दाखवते, वाक्य लिहीत नाही. सासूबाईंच्या खुणा तिच्यापेक्षा पक्क्या आहेत, कारण त्यांची कातर रोज त्याच घराची होती. पण त्यांची किल्ली एकट्या सासूबाईंजवळ आहे.

तेव्हा श्रावणात कानबाईसाठी घर रंगवायला काढाल, त्याआधी त्या भिंतीचा फोटो घ्या आणि प्रत्येक खुणेचा अर्थ त्यांना विचारून लिहून ठेवा. गुरुजींच्या घराला छत्रीच का, हे त्यांच्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही.