हुबेहूब म्हटलं की पहिला नंबर?

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या गणपतीत गाण्याची स्पर्धा होती, लग्नाआधी गाण्याच्या चार परीक्षा दिल्यात म्हणून मला परीक्षक केलं. दोघांनी नेमकं 'घेई छंद मकरंद'च घेतलं. एका काकांनी कॅराओकेवर, अगदी वसंतराव देशपांड्यांसारखं, हातवाऱ्यांसकट. आणि एका कॉलेजच्या मुलीने पेटी-तबल्यावर, ताना स्वतःच्या, मध्ये एकदा चुकली पण. मी काकांना पहिला दिला आणि आता व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज तेच चाललंय. माझं चुकलं का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, सोसायटीत परीक्षक व्हायला हो म्हणालात तिथेच चुकलं!

आता गाण्याचं. काकांनी हुबेहूब म्हटलं ते 'मूळ गाणं' म्हणजे कुठलं ते आधी सांगा, कारण १९६७ च्या 'कट्यार काळजात घुसली' या संगीत नाटकातच हे पद दोन चालींत आहे, दोन्ही संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांच्या, गायक-नट प्रसाद सावकारांची धानी रागातली आणि वसंतरावांची सालगवराळी रागातली, शब्द तेच पण माणसं दोन आणि घराणी दोन, अख्खं नाटक त्यावरच तर उभंय. शिवाय रेकॉर्डवर पद काही मिनिटांत आटपतं, थिएटरात वन्स मोअर पडले की ते किती लांबेल याचा नेम नाही, आणि वसंतराव तर आजची तान उद्या तशीच घेतील असे गवई नव्हेतच. म्हणजे काकांनी नक्कल केली ती एका रेकॉर्डिंगची. सोपी नाहीये ती, गळा लागतो त्याला, पण मी तेवढ्यावर पहिला नंबर दिला नसता.

मुलगी चुकली म्हणता, पण चुकल्यावर काय केलं तिने? तबलजीकडे बघून मुखडा (पदाची सुरुवातीची ओळ) उचलून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, नीट आली असेल तर त्याचे मी मार्क वाढवले असते, लाइव्ह गाण्यात ऐकायचं असतं ते हेच, आणि कॅराओकेचा ट्रॅक काही कुणासाठी थांबत नाही. मात्र तानांच्या नादात 'मधुसेवनानंद'चा चोथा केला असेल, शब्दच कळले नसतील, तर काकाच बरे. ते तुम्ही ऐकलंय, मी नाही.

निकाल आता बदलू नका, भांडण वाढेल. पुढच्या वर्षी कॅराओकेवाले आणि साथीवर गाणारे वेगळे ठेवा. आणि कोजागिरीला काकांना ट्रॅक बंद करून नुसत्या पेटी-तबल्यावर हेच म्हणायला सांगा, मसाला दूध असेल तर मीही येतो ऐकायला.