थरथरीतून वीज मिळेल, पण नोकरी कशातून?

प्रश्न: मी मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पाय पडला की वीज तयार करणाऱ्या फरशीचा व्हिडिओ पाहिला, तेव्हापासून याच क्षेत्रात काम करायचं डोक्यात बसलंय. बाबा म्हणतात, यात नोकऱ्याच नाहीत. काय करू?

उत्तर: बाबांचं म्हणणं अर्धं खरं आहे. 'कंपनातून वीज' अशा नावाच्या जागा क्वचितच निघतात. पण त्यासाठी जे शिकावं लागतं, त्याला मागणी आहे.

आधी त्या फरशीचा हिशेब मांडू. ६० किलोच्या माणसाच्या वजनाने फरशी ५ मिलिमीटर दबली, तर फार तर ३ ज्यूल ऊर्जा हाती येते. तेवढ्यात १० वॅटचा दिवा सेकंदाचा तिसरा हिस्साही पेटत नाही. बरं, ती फुकटचीही नाही. चालणाऱ्याच्याच पायांतून काढलेली. गावंच्या गावं उजळायची असतील, तर हे क्षेत्र तुझं नव्हे.

याचा खरा उपयोग मायक्रोवॅटच्या, म्हणजे वॅटच्या दहा लाखाव्या हिश्शाच्या दुनियेत. मिनिटाला १५०० फेरे घेणारी मोटर सेकंदाला २५ वेळा थरथरते. तिच्यावर पिझो (दाबला-वाकवला की वीज देणारा पदार्थ) चिकटवलेली लवचिक पट्टी बसवायची आणि पट्टीची नैसर्गिक वारंवारता, म्हणजे ती आपणहून सेकंदाला जितक्या वेळा थरथरते तो आकडा, नेमकी २५ हर्ट्झला आणायची. समज, १०० मायक्रोवॅट मिळाले. दहा मिनिटांत ०.०६ ज्यूल साठतात. सेन्सरने जागं व्हावं, तापमान मोजावं, छोटा रेडिओ संदेश धाडावा आणि पुन्हा झोपावं, एवढ्याला ते पुरतात. मात्र मोटरचा वेग जरा हलला की वीज धाडकन घसरते. क्यूरी बंधूंनी पिझोचा गुण १८८० मध्येच दाखवला होता. गाडं अडतं ते या जुळवणीत. शिवाय साधा लिथियम सेल वर्षानुवर्षं चालतो. त्यामुळे सेल बदलायला जाणंच अवघड असेल तिथेच ही खटपट परवडते, असं माझं मत.

तुला कंपनशास्त्र अभ्यासक्रमात मिळेलच. कच्चा दुवा इलेक्ट्रॉनिक्सचा असणार. तो या सुट्टीत पक्का कर. पोलादी पट्टी टेबलाच्या कडेला क्लॅम्पने आवळ, क्लॅम्पलगत बझरची पिझो चकती चिकटव, मोकळ्या टोकाला नट-बोल्टचं वजन लाव. पुढे उलटसुलट वाहणारी वीज एकाच दिशेने वळवणारा शॉटकी डायोडचा ब्रिज आणि ती साठवायला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. तो ३ व्होल्टपर्यंत चढला तरी आत जेमतेम ०.४५ मिलिज्यूल असतात. तो आकडा स्वतः मोजलास की व्हिडिओंची भुरळ आपोआप उतरेल. मग ब्रिज काढून चकतीला थेट वेगवेगळे रोध (रेझिस्टर) जोड आणि दर वेळी किती पॉवर मिळते याचा आलेख काढ. तो मधेच कुठेतरी शिखर गाठतो. का, हे धडपणे सांगता आलं, तर मुलाखतीत तुझी बाजू भक्कम.

नोकरी शोधताना यंत्रांच्या कंपनांवरून बिघाड ओळखणं, कमी विजेवर चालणारे सेन्सर, एम्बेडेड फर्मवेअर, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स हे शब्द टाकून बघ. बाबांनाही त्याच जाहिराती दाखव.

मास्टर्स करायचं ठरलंच, तर गाईडला दोन गोष्टी आधी विचार: प्रयोगशाळेत शेकर (हवी तशी कंपनं देणारं यंत्र) आहे का, आणि त्यांचे आधीचे विद्यार्थी सध्या कुठे काम करतात?