डोकं दुखतंय, हे त्यानं घरी का सांगितलं नाही

"ताई, तुम्हीच त्याला एकदा स्पष्ट सांगा, यात करिअर होत नाही." खुर्चीत नीट बसायच्या आधीच बाबांनी विषयाला हात घातला. आईनं पिशवीतून हातमोज्यांचा एक जोड काढला आणि पुरावा ठेवावा तसा माझ्या टेबलावर ठेवला. अमेरिकन फुटबॉलमधल्या वाइड रिसीव्हरचे हातमोजे ते. तळवा चिकट असतो, बॉल बोटांना धरून राहावा म्हणून. "ह्याच्यासाठी सॅटच्या क्लासला दोनदा दांडी मारली त्यानं," त्या म्हणाल्या. सॅट म्हणजे इथली कॉलेजप्रवेशाची परीक्षा. मुलगा दाराजवळच्या खुर्चीत, मान खाली घालून.

मी समुपदेशक. न्यू जर्सीतल्या मराठी घरांतून हा प्रश्न माझ्याकडे आता नेहमी येतो. मुलाला अमेरिकन फुटबॉलच खेळायचंय, एनएफएलची, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगची, स्वप्नं बघतोय, काय करू? ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. वाइड रिसीव्हर मैदानाच्या कडेकडे उभा राहतो, खेळ सुरू होताच ठरलेल्या वाटेनं सुसाट पळतो आणि क्वार्टरबॅकनं फेकलेला बॉल झेलतो. त्याला अडवायला समोर कॉर्नरबॅक असतो. बॉल हातात आला की पुढच्या क्षणी कुणीतरी येऊन आदळणार, हे दोघांनाही माहीत असतं. (या कुटुंबाच्या परवानगीनं लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलून.)

आईबाबांना बाहेर बसवलं आणि मुलाशी एकटीनं बोलले. वय सोळा, अकरावीत. मराठी सगळं कळतं, बोलताना मात्र इंग्रजीत घसरतो. प्रश्न विचारले की "इट्स फाइन, मावशी" एवढंच. मग मी माझी वही त्याच्यापुढे सरकवली. म्हटलं, मला या खेळातलं फार कळत नाही, तू मैदानावर नक्की करतोस काय ते काढून दाखव.

तिथं मुलगा मोकळा झाला. त्यानं एक उभी रेघ काढली आणि तिला झाडासारख्या फांद्या फोडल्या, प्रत्येक फांदीला आकडा. याला रूट ट्री म्हणतात. सरळ पळत जाणारी नऊ नंबरची वाट, गोलपोस्टच्या दिशेनं तिरकी कापणारी आठ, मैदानाच्या मधोमध शिरणारी छोटी स्लँट. "वेग सगळ्यांकडे असतो," तो म्हणाला, "पण वळायच्या आधी खांदे हलले, तर कॉर्नरला कळतं." हे सांगताना त्यानं खुर्चीत बसल्या बसल्या खांदे स्थिर ठेवून फक्त कंबर वळवून दाखवली. ज्या मुलाला घरचे आळशी म्हणत होते, तो एका वळणासाठी किती महिने घासत होता ते मला तेव्हा दिसलं.

आणखी एक गोष्ट दिसली. खिडकीतून ऑक्टोबरचं तिरपं ऊन येत होतं आणि त्यानं खुर्ची दोनदा फिरवली होती. काढताना एक डोळा बारीक करत होता. तिसऱ्यांदा कपाळावर हात गेला तेव्हा मी पडदा ओढला आणि विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग सांगितलं. दहा दिवसांपूर्वी मॅचमध्ये मधल्या पट्ट्यात बॉल झेलला, बाजूनं टक्कर बसली, हेल्मेट जमिनीवर आपटलं. क्षणभर सगळं पांढरं झालं. उठला, खेळला. कोचला नाही सांगितलं, शाळेच्या ट्रेनरलाही नाही. तेव्हापासून उजेड सहन होत नव्हता, वाचताना ओळी हलत होत्या. सॅटच्या क्लासला दांडी मारली ती खेळासाठी नव्हे. तिथल्या ट्यूबलाइटखाली दोन तास स्क्रीनकडे बघवत नव्हतं, म्हणून.

"घरी का नाही बोललास?"

"बाबा म्हणाले होते, एक जरी इंज्युरी झाली, तर त्याच दिवसापासून बंद."

इथं मला थांबून सांगायचंय. आईबाबा माझ्याकडे आले ते मार्कांची आणि करिअरची काळजी घेऊन. धोका वेगळाच होता, आणि तो लपून राहिला होता तो त्यांच्याच एका वाक्याच्या आड. डोक्याला बसलेला धक्का, ज्याला इथं कन्कशन म्हणतात, विश्रांती मिळाली तर बहुतेक मुलांचा बरा होतो. पण तो भरून यायच्या आधी दुसरा मार बसला, तर क्वचित का होईना, ते जिवावर बेतू शकतं. या दहा दिवसांत तो आणखी एक मॅच खेळला होता. हे ऐकताना माझे हात गार पडले होते.

मी त्याला सांगितलं, तू मला सांगितलेलं बरंचसं या खोलीत राहील, हे राहणार नाही. आईबाबांना आत्ता, या क्षणी कळलं पाहिजे. तू सांगतोस की मी सांगू? त्यानं स्वतः सांगायचं ठरवलं. बोलला मराठीत, अडखळत. आणि त्याला जी भीती होती तेच झालं. बाबा उठून उभे राहिले. "आजपासून बंद. संपलं." मुलगा माझ्याकडे बघत होता, बघा, मी म्हटलं नव्हतं का, अशा चेहऱ्यानं.

मी बाबांना बसायची विनंती केली. म्हटलं, खेळायचं की नाही हे आज ठरवायचं नाही. आज फक्त डॉक्टर. आणि एक लक्षात घ्या, त्यानं आत्ता खरं सांगितलंय. त्याची शिक्षा आत्ताच झाली, तर पुढचं खरं तुमच्या कानावर येणार नाही.

त्याच दिवशी तपासणी झाली. न्यू जर्सीत याबाबत कायदा आहे. शंका आली की विद्यार्थ्याला खेळ थांबवावाच लागतो, डॉक्टरनं लेखी दिल्याशिवाय परत येता येत नाही, आणि आलं तरी पायरीपायरीनं: आधी शाळा पूर्ण वेळ झेपली पाहिजे, मग हलकं पळणं, मग टक्कर नसलेला सराव, सगळ्यात शेवटी पूर्ण खेळ. त्याचा सीझन तिथंच संपला. पहिले काही दिवस तो पांघरुणात तोंड खुपसून पडून होता, असं आई म्हणाल्या.

पुढच्या भेटींत करिअरवर बोललो, पण सगळ्यांनी एकत्र. मी "यात करिअर होत नाही" असं त्याला सांगितलं नाही. ते खरं नाही आणि ते त्यालाही माहीत आहे. त्याच्या फोनवर वाइड रिसीव्हर जस्टिन जेफरसनचा फोटो आहे, ज्यानं २०२४ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्जशी चार वर्षांसाठी १४ कोटी डॉलरचा करार केला. त्यापुढे माझं वाक्य किती टिकणार? मी त्याला पूर्ण चित्र दाखवलं. अमेरिकेत शाळेत फुटबॉल खेळणारी मुलं दहा लाखांच्या आसपास. एनसीएए या कॉलेज-खेळांच्या संघटनेतल्या कॉलेजांत त्यातले पाऊण लाखाच्या आसपास. एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तिथं, दरवर्षी अडीचशेच्या आसपास खेळाडू, सगळ्या जागांचे मिळून. उन्हाळ्यात प्रत्येक संघाकडे नव्वद जण असतात, ऑगस्टअखेर त्रेपन्न उरतात. बाकीचे घरी. जे उरतात त्यांचीही सरासरी कारकीर्द खेळाडूंची संघटना साधारण ३.३ वर्षं सांगते. म्हणजे स्वप्न पूर्ण झालं तरी तिशीच्या आतच दुसरं आयुष्य उभं करावं लागणार.

आकड्यांनी मुलं ऐकत नाहीत. माणसांनी ऐकतात. म्हणून मी व्हिक्टर क्रूझबद्दल बोलले. पॅटर्सन आमच्यापासून तासाभरावर. तिथला हा मुलगा. युनिव्हर्सिटी ऑफ मॅसॅच्युसेट्सनं अभ्यासात मागे पडल्यामुळे त्याला घरी पाठवलं होतं. पसेइक काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजात मार्क सुधारून तो परत गेला. २०१० च्या ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नाही, न्यूयॉर्क जायंट्सनं नंतर बोलावलं. २०११ च्या सीझनमध्ये बॉल झेलून १,५३६ यार्ड, जेट्सविरुद्ध तो ९९ यार्डांचा टचडाऊन, फेब्रुवारी २०१२ मध्ये सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकला. ऑक्टोबर २०१४, फिलाडेल्फिया: बॉलसाठी उडी मारली आणि गुडघ्याची पटेलर टेंडन तुटली. २०१५ चा सीझन पूर्ण गेला, २०१६ मध्ये परतला, २०१८ मध्ये निवृत्ती, मग टीव्ही. मुलाला टचडाऊन पाठ होता. कम्युनिटी कॉलेजचं त्याला माहीत नव्हतं. "म्हणजे ग्रेड नसते तर...?" त्यानं वाक्य अर्धंच सोडलं. मीही पुढे काही बोलले नाही.

डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज-खेळांच्या सगळ्यात वरच्या गटात, खेळायचं तर १६ मुख्य विषय आणि किमान २.३ चा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, लागतो, हे त्याच्या कोचनं सांगितलं होतं. घरी मात्र अभ्यास आणि फुटबॉल ही दोन शत्रुराष्ट्रं होती. बाबांसाठी मी दुसरं नाव राखून ठेवलं होतं. आंद्रेई इओसिव्हास, प्रिन्स्टनचा वाइड रिसीव्हर, २०२३ मध्ये सहाव्या फेरीत सिनसिनाटी बेंगल्सनं घेतलेला. प्रिन्स्टन म्हटल्यावर बाबा ताठ बसले. प्रिन्स्टन ज्यात येतं त्या आयव्ही लीगमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप नसते, हेही मी लगेच सांगून टाकलं, नाहीतर नवीन खूळ सुरू झालं असतं.

डोक्याच्या दुखापतींचं मी मुलापासून लपवलं नाही. डेमॅरियस थॉमस आणि व्हिन्सेंट जॅक्सन, दोघंही नावाजलेले वाइड रिसीव्हर, दोघंही चाळिशीच्या आत गेले. मृत्यूनंतरच्या तपासणीत दोघांच्या मेंदूत सीटीई आढळला. वारंवार डोक्याला मार बसल्याशी जोडला जाणारा तो आजार. बोस्टन युनिव्हर्सिटीच्या २०१७ च्या अभ्यासात एनएफएल खेळाडूंच्या १११ मेंदूंपैकी ११० मध्ये तो दिसला होता. ते मेंदू बहुतेक काळजीपोटीच दान केलेले होते, त्यामुळे सगळ्या खेळाडूंना ते प्रमाण लावता येत नाही. हे दोन्ही भाग मी सांगितले. लहान मुलांच्या पालकांनी मला विचारलं तर मी फ्लॅग फुटबॉल सुचवते. कमरेची पट्टी ओढायची, टक्कर नाही. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो खेळही आहे. या मुलाची ती वेळ निघून गेली होती.

शेवटी ठरलं ते एवढंच. बारावीचा सीझन खेळायचा की नाही, हे उन्हाळ्यात डॉक्टरांशी बोलून तिघांनी मिळून ठरवायचं. आणि बाबांनी ते वाक्य परत घ्यायचं. त्यांना ते फार जड गेलं. दोन भेटी गेल्या. मग एका शनिवारी निघता निघता, जॅकेटची चेन लावत, मुलाकडे न बघता ते म्हणाले, "दुखलं तर सांग. सांगितलंस म्हणून बंद करणार नाही." मुलानं मान हलवली. आई पार्किंगमध्ये जाऊन रडल्या, हे मला नंतर कळलं.

मार्चमध्ये त्यांचा फोन आला. काही विचारायचं नव्हतं. आदल्या संध्याकाळी त्या पोळ्या लाटत होत्या. मुलगा प्रॅक्टिसवरून आला, बॅग खाली टाकली आणि ओट्याला टेकून म्हणाला, "आई, आज पडलो. डोकं आपटलं. कोचना सांगितलंय, ट्रेनरनी बघितलं, उद्या डॉक्टरकडे जायचंय."

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"काही नाही. गॅस बंद केला, दिवा घालवला आणि बसले त्याच्याजवळ. तव्यावरची पोळी जळली होती, ती नंतर बघितली."