उदंचन: 'चंद्रा'तला च, 'चांदण्या'तला नव्हे

ऐरोलीहून एका वाचकाने विचारलंय. त्यांचं मूळ गाव शहापूर तालुक्यात, समाज आदिवासी ठाकूर. पाड्यावर 'उदंचन प्रकल्पा'ची बोलणी चालू आहेत. उदंचन म्हणजे काय, आणि ग्रामसभेपुढच्या कागदात 'सल्लामसलत' लिहिलंय, तिलाच संमती म्हणायचं का?

आधी उच्चार. ठाण्यात हा शब्द मी सतत 'चांदण्या'तला च लावून ऐकतो. अहो, तत्सम शब्द आहे, 'चंद्रा'तला च लावा! शिवाय पाण्यावरची प्रत्येक वीज म्हणजे उदंचन नव्हे. भातसा धरणाच्या पायथ्याला वीजघर आहे, ते उदंचन नाही. खालचं पाणी पंपाने वर चढवायचं आणि मागणी वाढली की तेच खाली सोडायचं, याला उदंचन म्हणतात. दुपारी सौर वीज उतू गेली की चढवा, संध्याकाळी सोडा. 100 युनिट खर्चून 70 ते 80 परत येतात. घाटघरचा 250 मेगावॉटचा प्रकल्प असाच: वरचं धरण अकोले तालुक्यात, खालचं आपल्या ठाणे जिल्ह्यात, चोंढ्याला.

हा शब्द सरकारी बाबूंनी टेबलावर बसून पाडला, असं एका भाषातज्ज्ञांनी मला ठणकावून सांगितलं होतं. त्यांनी ऋग्वेद उघडायची तसदी घ्यावी. पाचव्या मंडलात 'धियाम् उदञ्चनः' आहे. उदञ्चन म्हणजे विहिरीतून पाणी वर काढायची बादली, पोहरा! इथे पोहरा कशाचा, तर विचारांचा. बाबूंनी फक्त पोहऱ्याच्या जागी पंप बसवला.

खरी गंमत धातूत आहे. 'अञ्च्' म्हणजे वळणं, जाणं. त्याला 'प्र' लागला की प्राची, 'उद्' लागला की उदीची, म्हणजे उत्तर. 'नि' लागून न्यञ्च्, त्यातून नीच. उच्चही उद् आणि अञ्च् यांचाच. म्हणजे वरचा जलाशय उच्च, खालचा नीच आणि मधलं उदंचन, सगळे एकाच घरातले. आता माझं लाडकं मत. आपला 'उंच' हा 'उच्च'वरून आला आणि अनुस्वार आपोआप चिकटला, असं कोशवाले सांगतात. मला ते पटत नाही. तो अनुस्वार म्हणजे 'अञ्च्'मधला ञ आहे, मधल्या काळात गप्प बसलेला. 'उष्ट्र'चा 'उंट' होताना कुठला अञ्च् होता, असा प्रश्न त्या तज्ज्ञांनी विचारलाच. उंटाचं उंट बघून घेईल. पाणी उंचावर चढवणारा शब्द आणि 'उंच' यांचं नातं मी उंटापायी तोडणार नाही.

सल्लामसलत राहिलीच. सल्ला आणि मसलत दोन्ही अरबी, दोन्ही एकाच धातूचे. म्हणजे एकच गोष्ट दोनदा म्हटलेली. संमती वेगळी: सम् आणि मति. सल्ला घेणारा तो ऐकून बाजूला ठेवू शकतो. संमतीत 'नाही' म्हणायची सोय असते, नाहीतर ती संमतीच नव्हे. 1996 च्या पेसा कायद्यात, म्हणजे आदिवासीबहुल 'अनुसूचित क्षेत्रां'तल्या पंचायती-ग्रामसभांच्या कायद्यात, भूसंपादनाआधी ग्रामसभेशी नुसता विचारविनिमय आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्याचं कलम 41 मात्र अनुसूचित क्षेत्रात पूर्वसंमती मागतं, आणि शहापूर तालुका अख्खा अनुसूचित क्षेत्रात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 2007 च्या आदिवासी हक्कांच्या जाहीरनाम्यातही शब्द संमतीचाच आहे, भारताने बाजूने मत दिलं होतं. त्याचं 'मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमती' हे मराठी वाचताना दात दुखतात. 'सम्यक् संमती' म्हणा की! सम्यक् म्हणजे सम् आणि अञ्च्, सगळे मिळून एका दिशेने जाणारे. बघा, परत अञ्च्.

सल्लामसलत झाली म्हणजे भागलं असंही नाही. नॉर्वेत फोसेनच्या पवनचक्क्यांच्या परवान्याआधी तिथल्या आदिवासी सामी लोकांशी चर्चा झाली होती. तरी त्यांच्या रेनडिअर पाळण्याच्या हक्कावर गदा येते म्हणून तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये ते परवाने अवैध ठरवले. चक्क्या फिरत राहिल्या, ती गोष्ट वेगळी.

तेव्हा प्रकल्पासाठी जमीन संपादन होणार असेल तर तुमच्या ठरावात 'सल्लामसलत झाली' असं लिहू देऊ नका. 'संमती दिली' किंवा 'संमती नाकारली', दोनांपैकी एक. आणि ठराव वाचून दाखवणाऱ्याला उदंचनातला च आधी सांगून ठेवा.