माक्याचे तेल आणि केसांची पाकिटे

कोणत्या वनस्पतीने गेलेले केस परत येतील, हे मला अनेक जण विचारतात. परंतु ऐरोलीत नोकरी करणाऱ्या चोवीस वर्षांच्या या मुलीने ठाण्याच्या नौपाड्यातील माझ्या खोलीत आल्यावर प्रश्नाआधी टेबलावर कागदी पाकिटे मांडली. प्रत्येकावर तारीख आणि त्या दिवशी गळलेल्या केसांची संख्या लिहिलेली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

दोन महिन्यांत कांद्याचा रस, मेथीचा लेप आणि रोझमेरीचे तेल असे तीन उपाय करून झाले होते, आणि कांद्याच्या वासाची लाज वाटून ती लोकलमध्ये दाराशीच उभी राहत असे. आई जांभळी नाक्यावरून माका आणून खोबरेल तेलात उकळत असे, ते तेल मुलगी लावत नसे, आणि त्यावरून रोज वाद होई. महिन्याभरात मुलाकडचे पाहायला येणार होते. खरी भीती तिथे होती.

मी आजारपणाविषयी विचारले. गणपतीच्या सुमारास तिला डेंग्यू झाला होता, आणि केस गळू लागले ते दिवाळीनंतर. मोठ्या तापानंतर पुष्कळ केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. तोवर ताप विस्मरणात गेलेला असतो आणि दोष शाम्पूवर येतो. निदान करणे माझे काम नव्हे, म्हणून तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनीही हेच कारण सांगितले, रक्तात लोह कमी आढळल्याने गोळ्या दिल्या आणि रोझमेरीचा अर्क दुसऱ्या तेलात न मिसळता लावल्यामुळे टाळूची आग होत होती, तो थांबवला.

वनौषधी निरुपयोगी आहेत असे मी तिला सांगितले नाही. रोझमेरीवरील २०१५च्या अभ्यासात १०० रुग्णांना तीन महिन्यांत विशेष फरक दिसला नव्हता. सहा महिन्यांनी तो २ टक्के मिनॉक्सिडिल या केसवाढीच्या औषधाइतका दिसला, पण ते सारे आनुवंशिक टक्कल पडणारे होते. कांद्याच्या रसाचा २००२चा अभ्यास चाई पडलेल्यांवर, म्हणजे गोल चकत्यांत केस गेलेल्यांवर होता. तिचा त्रास या दोन्हींहून निराळा होता. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, तेव्हा तीन आठवड्यांत उपाय बदलणाऱ्याला कोणतीच वनस्पती उत्तर देऊ शकत नाही. शिवाय तापानंतरची गळती बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते, आणि श्रेय त्या वेळी हाताशी असलेल्या बाटलीला मिळते.

आम्ही काम केले ते मोजण्यावर. दिवसाला ५० ते १०० केस जाणे सामान्य आहे हे ऐकूनही पाकिटे सुटेनात, म्हणून मोजणी आधी आठवड्यातून एकदा आणि मग महिन्यातून एका छायाचित्रावर आणली. रविवारी आईच्या हातून तेल लावून घ्यायचे, मात्र त्या वेळी केसांविषयी कोणी बोलायचे नाही, असे दोघींनी ठरवले. (तेल चोळणाऱ्या हाताला मी औषधापेक्षा कमी मानत नाही.) पाहुण्यांना तिने स्वतःच पुढची तारीख कळवली.

मे महिन्यात भांगाच्या कडेने बोटभर नवे केस दिसू लागले. आई म्हणते, माका लागू पडला. मुलीने वाद घातला नाही. आईने तेलाची कृती शेजारणीला दिली असून, त्या शेजारणीची मुलगी पुढच्या मंगळवारी माझ्याकडे येणार आहे.