सकाळी उठल्यावर टाच खूप दुखते, रेडिमेड इनसोल घेऊ की पायाचं माप देऊन बनवून घेऊ?

आधी रेडिमेडच घ्या, मापाच्या महागड्या इनसोलची घाई नको. मी फिजिओथेरपिस्ट आहे, पलंगावरून उतरल्यावर पहिली चार पावलं टाचेत कळ येते आणि चालता चालता कमी होते असं असेल तर बहुतेक वेळा तो प्लांटर फॅसायटिस, म्हणजे टाचेपासून बोटांकडे जाणाऱ्या तळपायातल्या जाड पट्ट्याचं दुखणं असतं आणि त्यात इनसोलच्या या दोन प्रकारांत अभ्यासांमध्येही फारसा फरक दिसलेला नाही. फक्त मऊ मऊ बघून घेऊ नका, दुकानात इनसोलचा पायाच्या कमानीखाली येणारा भाग अंगठ्याने दाबून बघा, लगेच चपटा झाला तर परत ठेवा, तो आधार काय देणार. बुटातला आधीचा इनसोल काढूनच नवा घाला, नाहीतर टाच वर येऊन बूट निसटत राहतो. आणि घरात फरशीवर अनवाणी फिरत असाल तर सगळं मुसळ केरात, घरातही जाड सोलची चप्पल लागेल. पोटरीचं स्ट्रेचिंग सोबत हवंच. पण डायबेटिस असून तळपाय बधिर वाटत असेल तर स्वतःहून काही घेऊ नका, इनसोल घासून जखम झाली तरी कळत नाही, आधी डॉक्टरांना पाय दाखवा.